चपळ मोटारीची निवड

एक काळ असा होता की, आपल्या देशात मोटार घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाला निवड अशी फारशी करावी लागत नसे. त्याला केवळ वाट पाहावी लागे. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट आणि कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर, यांपैकी एकीसाठी नाव नोंदवावे, अनामत रक्कम भरावी आणि मग वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी, असा तो क्रम होता. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 ही लहान गाडी रस्त्यावर आली आणि हा क्रम मोडू लागला. आज ग्राहकाची अडचण अगदी उलट स्वरूपाची आहे. साधारण एकाच किंमतीच्या, एकाच लांबीच्या, एकाच शक्तीच्या दोन-तीन गाड्या त्याच्यापुढे उभ्या राहतात आणि प्रत्येकीचा विक्रेता आपलीच गाडी श्रेष्ठ असल्याचे आकडेवारीनिशी पटवून देतो. दहा-बारा लाख रुपये ही मध्यमवर्गीय कुटुंबाला थोडीथोडकी रक्कम नव्हे. ती एकदा हातातून गेली की पुढची आठ-दहा वर्षे त्या निवडीबरोबर संसार करावा लागतो. शिवाय मोटारीच्या निवडीत पैशाखेरीज आणखी एक मोलाची वस्तू पणाला लागलेली असते. ती म्हणजे आत बसणाऱ्यांचा जीव. तेव्हा ही निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा थोडा विचार आपण करू. उदाहरण म्हणून तरुणांना विशेष मोह घालणारी चपळ हॅचबॅक ही जात घेऊ आणि खरेदीदार रायपूरचा आहे असे समजू.

हॅचबॅक म्हणजे मागच्या बाजूला डिक्कीचा स्वतंत्र पेटारा नसलेली, मागचे दार काचेसकट वर उघडणारी आटोपशीर गाडी, हे आता सर्वांना ठाऊक आहे. अशा गाडीत थोडे जोरकस इंजिन, जरा ताठ स्प्रिंगा, रुंद टायर आणि समर्थ ब्रेक बसविले की तिचा स्वभावच पालटतो. ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमध्ये 1961 साली जॉन कूपर या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या गृहस्थाच्या साहाय्याने चिमुकल्या मिनी गाडीची जोरकस आवृत्ती निघाली आणि तिने 1964, 1965 व 1967 या वर्षी मोंटे कार्लोची अवघड रॅली जिंकून दाखविली. मिनी ही काटेकोर अर्थाने हॅचबॅक नव्हती. परंतु लहान गाडी मोठ्या गाड्यांना भारी पडू शकते, हे तिने सिद्ध केले. पुढे 1976 साली जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने आपल्या गोल्फ या घरगुती हॅचबॅकची 110 अश्वशक्तीची जीटीआय आवृत्ती काढली. आरंभी केवळ 5,000 गाड्या खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्याच पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. आठवडाभर कामाला जुंपलेली गाडी रविवारी आनंदही देऊ शकते, ही गोष्ट लोकांना त्या खपाच्या किती तरी आधीपासून हवी होती, असाच याचा अर्थ.

आपल्याकडे या गाडीला जे रूप आले, त्यात अभियंत्यांइतकाच वाटा सरकारी करपद्धतीचाही आहे. सन 2006 च्या केंद्रीय अंदाजपत्रकाने लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले. लहान मोटार म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोलचे इंजिन 1200 घनसेंटिमीटरपर्यंत, अशी मर्यादा त्यात घातलेली होती. पुढे करांची नावे बदलली, पण ही सीमारेषा टिकून राहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून या मर्यादेत बसणाऱ्या पेट्रोल गाडीवर 18 टक्के जीएसटी लागू झाला, तर मर्यादेबाहेरच्या मोठ्या गाड्यांवर 40 टक्के. साहजिकच आपल्या कारखानदारांपुढे एक कोडे उभे राहिले: गाडी चार मीटरांच्या आत, इंजिन 1200 च्या आत, आणि तरीही जोर भरपूर, हे साधावे कसे?

या कोड्याचे उत्तर म्हणजे टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूला स्वतःचा वेग असतो. एरवी तो धुराड्यावाटे वाया जातो. टर्बोमध्ये हाच वायू एका लहानशा चक्राला फिरवितो; त्या चक्राच्या आसावर बसविलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करू लागते. यात एक उणीवही असते. चक्र पुरेशा गतीने फिरू लागेपर्यंत इंजिन क्षणभर आळसावल्यासारखे वाटते आणि मग एकदम जोर धरते. गर्दीच्या रस्त्यावर नवख्या चालकाला हा क्षण चकवितो. म्हणून अशा गाडीची परीक्षा करताना तिचा सर्वाधिक जोर किती हे पाहावेच. पण तो जोर किती लवकर आणि किती सारखेपणाने मिळतो, हे त्याहून बारकाईने पाहावे.

गेल्या काही वर्षांत या जातीच्या ज्या गाड्या आपल्याकडे आल्या, त्यांचा इतिहास मराठी माणसाला जवळचा वाटावा असा आहे. कारण त्यांतील काही पुण्याच्या आसपासच जन्मल्या. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय ही आवृत्ती 2013 साली आली. तिचे 1.2 लिटरचे टर्बो इंजिन 105 अश्वशक्ती देत असे. 2020 मध्ये त्याच्या जागी 1 लिटरचे, 110 अश्वशक्तीचे इंजिन आले. रांजणगावच्या कारखान्यातून ऑक्टोबर 2015 मध्ये अबार्थ पुंटो निघाली. तिचे इंजिन 1.4 लिटरचे, म्हणजे करसवलतीच्या रेषेबाहेरचे होते; परंतु त्या किंमतीत 145 अश्वशक्ती तेव्हा दुसरी कोणतीही हॅचबॅक देत नव्हती. 2017 साली मारुतीने 102 अश्वशक्तीची बलेनो आरएस काढली आणि 2018 साली टाटांनी कोइमतूरच्या जयेम कंपनीच्या साहाय्याने टियागो जेटीपी काढली. या चारही गाड्यांचे कौतुक झाले, आणि चारही आज नव्या मिळत नाहीत. बलेनो आरएस व टियागो जेटीपी या दोन्ही 2020 पर्यंत बंद झाल्या. पोलोचे उत्पादन 2022 साली थांबले. फियाटने तर भारतातील आपल्या मोटारींची विक्रीच आटोपती घेतली. या इतिहासातून खरेदीदाराने एक धडा घ्यावा. ही जात फार थोड्यांना हवी असते, म्हणून बाजारात तिचे आयुष्य अल्प असते. आपण विकत घेतलेली गाडी तीन-चार वर्षांत बंद पडू शकते, हे गृहीत धरूनच चालावे.

आता अलीकडच्या दोन प्रतिस्पर्धी गाड्यांकडे वळू. पहिली ह्युंदाई आय20 एन लाइन; ती सप्टेंबर 2021 मध्ये आली. दुसरी टाटा अल्ट्रोझ रेसर. ती जून 2024 मध्ये आली. पहिलीचा जन्म चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूरचा, दुसरीचा पुण्याचा. पहिलीचे इंजिन 1 लिटरचे, दुसरीचे 1.2 लिटरचे, दोन्ही तीन सिलिंडरांची, दोन्ही टर्बोची. शक्ती दोहोंची 120 अश्वशक्ती. चाकांना पिळून पुढे ढकलणारे बळ, ज्याला टॉर्क म्हणतात, ते पहिलीत 172 न्यूटन-मीटर आणि दुसरीत 170. लांबी पहिलीची 3,995 मिलिमीटर, दुसरीची 3,990. बाजारात आल्या वेळी शोरूममधील किंमत पहिलीची 9.84 लाख रुपयांपासून, दुसरीची 9.49 लाखांपासून. म्हणजे शक्तीत बरोबरी, बळात दोन न्यूटन-मीटरांचा आणि लांबीत पाच मिलिमीटरांचा फरक! जाहिरातीतील ठळक आकड्यांवर निर्णय घ्यावयाचा झाला, तर नाणेफेकच करावी लागेल. मग फरक शोधावयाचा कोठे? तो आपल्या रस्त्यावर, आपल्या घरात आणि आपल्या गावातील दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये शोधावा, असे माझे सांगणे आहे.

रायपूरचेच पाहा. भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे नांदत आली. तात्यापारा आणि चौबे कॉलनी या वस्त्या आणि तेथील महाराष्ट्र मंडळ त्यांच्या ओळखीचे आहे. अशा कुटुंबाच्या गाडीला चार प्रकारचे रस्ते भेटतात. पहिला शहरातला जी. ई. रोड. जयस्तंभ चौकाच्या आसपास संध्याकाळी तेथे गाडी चालते कमी आणि थांबते अधिक. दुसरा नवा रायपूर म्हणजे अटलनगरचा रुंद, मोकळा रस्ता. तो सरळ आणि गुळगुळीत असल्याने वेगाचा मोह घालणारा. तिसरा भिलाई, दुर्ग, राजनांदगाववरून नागपूरकडे जाणारा महामार्ग. सुमारे 290 किलोमीटरांचा हा प्रवास लग्नकार्यासाठी आणि दिवाळीसाठी वर्षातून अनेकदा घडतो. चौथा दक्षिणेकडे धमतरी, कांकेरवरून जगदलपूरला जाणारा. त्यावर केशकालचा बारा वळणांचा घाट लागतो. विक्रेता आपल्याला गाडी दाखवितो ती बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या रस्त्यावर. आणि गाडीची खरी परीक्षा होते ती तिसऱ्या व चौथ्या रस्त्यावर.

चपळ गाडीचा खरा उपयोग कोणता, हे एका साध्या गणिताने समजेल. दुपदरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेला 12 मीटर लांबीचा ट्रक आपल्याला ओलांडावयाचा आहे. मागे 20 मीटर आणि पुढे 20 मीटर अंतर राखले आणि आपल्या गाडीची लांबी मिळविली, तर ट्रकच्या मानाने आपल्याला सुमारे 56 मीटर पुढे जावे लागते. आपला वेग ताशी 70 असेल तर यास दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपण रस्त्यावर सुमारे 195 मीटर गेलेले असतो. समोरून 70 च्याच वेगाने येणारे वाहनही तितकेच अंतर तोडते. म्हणजे समोरचा रस्ता जवळजवळ 400 मीटर मोकळा हवा. वेग 90 असेल तर हेच काम पाच सेकंदांत होते आणि मोकळा रस्ता सुमारे 225 मीटर लागतो. विरुद्ध बाजूच्या पट्ट्यात घालवावयाचा धोक्याचा काळ निम्मा होतो, तो गाडीच्या या चपळपणामुळे. सोयीसाठी येथे वेग स्थिर धरला आहे. प्रत्यक्षात 50 वरून 90 पर्यंत गाडी किती तत्परतेने जाते, यावर सारे अवलंबून असते. म्हणून शून्यापासून शंभरापर्यंत किती सेकंद, या शर्यतीतल्या प्रश्नापेक्षा पन्नासापासून नव्वदापर्यंत किती सेकंद, हा प्रश्न गृहस्थाने विचारावा. आय20 एन लाइनचा पूर्ण टॉर्क 1500 फेऱ्यांपासून मिळू लागतो आणि अल्ट्रोझ रेसरचा 1750 पासून. फरक लहान आहे, पण दुसऱ्या वा तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना तो पायाला जाणवतो.

यानंतर गिअर. आय20 एन लाइन सात गिअरच्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित पेटीसह मिळू लागली. हाताने बदलावयाची खरी सहा गिअरची पेटी तिला सप्टेंबर 2023 मध्ये लाभली. अल्ट्रोझ रेसर केवळ हाताच्या सहा गिअरसह आली. दुहेरी क्लचची युक्ती अशी: एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम, एक गिअर चालू असताना पुढचा तयारच असतो, त्यामुळे बदल क्षणार्धात होतो. महामार्गावर हे सुख मोठे आहे. मात्र या पेटीतील कोरडे क्लच तासन्‌तास रेंगाळणाऱ्या गर्दीत आणि चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरल्यास तापतात. ज्याला रोज संध्याकाळी जी. ई. रोडवर तासभर अडकावयाचे आहे, त्याने स्वयंचलित पेटी घ्यावी, पण ही शिस्त पाळावी. ज्याच्या घरात एकाच गाडीवर वडील, मुलगा आणि सून अशी तिघे चालविणारी माणसे आहेत, त्याने तिघांचाही हात त्या गिअरवर बसतो की नाही, हे आधी पाहावे.

टायर आणि ब्रेक यांकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी जाते आणि जीव मात्र त्यांच्यावरच अवलंबून असतो. आय20 एन लाइनला 16 इंची चाकावर 195/55 मापाचा टायर आहे, तर अल्ट्रोझ रेसरला 16 इंची चाकावर 185/60 मापाचा. यातील पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायरच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण सांगणारा. हिशोब केला तर पहिल्याची भिंत 107 मिलिमीटर उंच भरते, दुसऱ्याची 111. साध्या हॅचबॅकच्या 165/80 मापाच्या टायरची भिंत 132 मिलिमीटर असते. रुंद आणि बुटका टायर वळणावर घट्ट पकड देतो. पण पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात त्याची बुटकी भिंत धक्का पूर्ण शोषू शकत नाही आणि चाकाची कड वाकण्याचा संभव वाढतो. सिलतरा, उरला या औद्योगिक भागांतील अवजड ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावरून ज्याची रोज ये-जा आहे, त्याने हे ध्यानात ठेवावे. ब्रेकच्या बाबतीत आय20 एन लाइनला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, हे तिचे एक बलस्थान होय. केशकालचा घाट उतरताना ब्रेक पुनःपुन्हा दाबावे लागतात. उघड्या डिस्कची उष्णता हवेत लवकर निघून जाते, बंद ड्रममध्ये ती कोंडून राहते. अर्थात कोणत्याही गाडीत उतारावर खालच्या गिअरचाच आधार घ्यावा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

सुरक्षिततेचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. ग्लोबल एनकॅप या संस्थेने गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून त्यांची परीक्षा घेतली. तीत अल्ट्रोझला जानेवारी 2020 मध्ये प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले, तर आय20 ला 2022 मध्ये तीन. दोन्ही परीक्षा दोनच एअरबॅग असलेल्या आवृत्त्यांच्या होत्या. पुढे सप्टेंबर 2023 पासून आय20 एन लाइनला सहा एअरबॅग सर्व प्रकारांत मिळू लागल्या आणि रेसरही सहा एअरबॅगांसहच आली. न्यायाने बोलायचे तर इतकेच म्हणता येईल की, गाडीच्या सांगाड्याच्या बाबतीत अल्ट्रोझने आपली योग्यता आधी आणि स्पष्टपणे दाखविली आहे. ज्या घरात लहान मुले मागे बसणार आहेत, त्यांना ही एक गोष्ट गाणी वाजविणाऱ्या यंत्राहून किती तरी अधिक मोलाची वाटावी.

हवामानाचाही विचार हवा. मे महिन्यात रायपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. चपळ गाड्यांचा अंतर्भाग बहुधा काळ्या रंगाचा ठेवण्याची पद्धत आहे. दिसावयास तो तडफदार दिसतो आणि दुपारी तव्यासारखा तापतो. रेसरच्या पुढच्या आसनांतून हवा खेळविण्याची सोय देण्यात आली होती, ती या प्रदेशात चैन म्हणून सोडून देण्यासारखी नाही. उन्हाचा दुसरा परिणाम टायरवर होतो. नागपूर-मुंबई हा 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि रायपूरच्या अनेक कुटुंबांची मुंबई-पुण्याकडची वाट त्यावरून जाऊ लागली. तासन्‌तास एकाच वेगाने तापलेल्या सिमेंटवर धावणाऱ्या टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या भिंती सतत वाकतात, आतून तापतात आणि फुटतात. निघण्यापूर्वी, गाडी थंड असताना, हवेचा दाब पाहणे हा पाच मिनिटांचा उपचार आहे; त्याची किंमत दोन्ही गाड्यांना सारखीच.

घरातील ज्येष्ठांची सोय हा विषय तरुण खरेदीदाराला गौण वाटतो. एखाद्या घरातील संवाद कल्पून पाहा. मुलगा म्हणतो, “बाबा, ही गाडी वळणावर अगदी रुळावरून चालल्यासारखी जाते.” वडील विचारतात, “जाते ना, छान! पण तुझ्या आईला गुडघे दुखत असताना मागे बसता-उठता येईल का?” दोघांचेही म्हणणे योग्य आहे. आय20 च्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर 2,580 मिलिमीटर, अल्ट्रोझचे 2,501. म्हणून पाय पसरावयास पहिलीत जागा अधिक. उलट अल्ट्रोझची दारे काटकोनात उघडतात आणि तिच्या मागच्या कप्प्यात 345 लिटर सामान मावते, तर आय20 मध्ये 311 लिटर. नागपूरच्या लग्नाला निघालेल्या चौघांच्या बॅगा आणि फराळाचे डबे या 34 लिटरांतच बसतात किंवा अडतात. स्प्रिंगांची ताठरता तर मागे बसल्याखेरीज कळतच नाही; चालविणाराला जी घट्ट पकड वाटते, तीच मागच्या प्रवाशाच्या पाठीला दणका वाटू शकते.

आता शेवटची कसोटी गावातल्या सोयीची. गाडी बाजारातून निघून गेली तरी तिच्या साध्या भावंडाचे भाग मिळत राहतात, हा या जातीचा मोठा आधार असतो. इंजिन, क्लच, ब्रेक, धक्के शोषणारे दांडे यांपैकी कोणते भाग साध्या आवृत्तीशी समान आहेत आणि कोणते केवळ या आवृत्तीचेच आहेत, हे सर्व्हिस सेंटरच्या प्रमुखाला विचारून लिहून घ्यावे. जेवढे भाग वेगळे, तेवढी प्रतीक्षा लांब. जुनी पोलो जीटी किंवा अबार्थ पुंटो घेण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी आधी गावात तिला हात लावू शकणारा मेकॅनिक शोधावा आणि मगच गाडी शोधावी. खरेदीनंतर बाजारातून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर किंवा इंजिनाचा जोर वाढविणारी उपकरणे आणून बसविण्याची हौस काहींना असते. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही तो आडवा येतो.

प्रत्यक्ष परीक्षा घ्यावयाची ती अशी. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, घरातल्या चौघांना बसवून आणि एअर कंडिशनर चालू ठेवून चालवाव्यात. एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघावे. उखडलेल्या रस्त्यावरून ताशी तीसच्या वेगाने न्यावी. मोकळ्या जागी, मागे कोणी नाही हे पाहून, साठच्या वेगावरून नेटाने ब्रेक दाबावेत आणि गाडी सरळ थांबते की कलते हे पाहावे. आपल्याच गल्लीत उलटी घालून पाहावी. संध्याकाळी दिव्यांचा उजेड पाहावा. एकदा मागच्या आसनावर स्वतः बसावे. इतके केल्यावर आकड्यांच्या पत्रकाची फारशी गरज उरत नाही.

या कसोट्यांवर माझे मत असे बनते. ज्याचा प्रवास मुख्यतः एकट्या-दुकट्याचा आहे, ज्याला स्वयंचलित गिअर हवा आहे, स्टिअरिंगची नेमकी पकड आणि चारही चाकांचे डिस्क ब्रेक यांची ज्याला कदर आहे, त्याने आय20 एन लाइन पसंत करावी. ज्याची गाडी हे सबंध कुटुंबाचे वाहन आहे, परीक्षेत तावून निघालेला सांगाडा, उन्हाळ्याची सोय आणि सामानाची जागा ज्याला महत्त्वाची वाटते आणि ज्याला हाताचा गिअर चालतो, त्याच्या गरजेला अल्ट्रोझ रेसर अधिक जुळते. ती नवी मिळत नसल्यास थोडी वापरलेली, सर्व्हिसिंगची पूर्ण नोंद असलेली पाहावी. आणि ज्याचा तीन-चतुर्थांश प्रवास जी. ई. रोडच्या गर्दीतच व्हावयाचा आहे, त्याने याच गाड्यांची साधी आवृत्ती घेऊन उरलेले लाख-दोन लाख रुपये चांगले टायर, विमा आणि वर्षातून एका निवांत बस्तर-यात्रेसाठी ठेवावेत. त्याला कमीपणा येण्याचे काहीच कारण नाही.

शेवटी वेगाविषयी. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेने मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी 120, चौपदरी रस्त्यावर 100 आणि शहरातील रस्त्यावर 70 किलोमीटर ही कमाल मर्यादा घातली. स्थानिक फलक तिच्याहून कमी वेग सांगत असेल तर तो पाळावयाचा. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांतील 70 टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खाती झाली. याचे कारण पदार्थविज्ञानाच्या एका नियमात आहे. चालत्या गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 80 वरून 100 झाला तर तो वाढतो पंचवीस टक्के, पण ब्रेकने जिरवावयाची ऊर्जा वाढते छप्पन्न टक्के. 120 अश्वशक्तीचे इंजिन हा पंचवीस टक्क्यांचा भाग काही क्षणांत पुरवू शकते. छप्पन्न टक्क्यांचा भाग सांभाळावयाचा तो टायरने, ब्रेकने आणि पायावर ताबा असलेल्या माणसाने. पहिल्या दोन वस्तू शोरूममध्ये पारखून घेता येतात. तिसरी प्रत्येकाने घरूनच न्यावयाची असते, आणि ती जवळ असल्याची खात्री असेल तरच या जातीच्या गाडीसाठी पैसे मोजावेत.